तिसऱ्या प्रकारचा नकार

राजापूरच्या सड्यावर पूर्वी कातळ, गवत आणि वारा यांखेरीज काही नव्हतं. मग 'नवखनिज' कंपनीने तिथे आकाशाकडे तोंड करून एक अवाढव्य कान बसवला. लघुग्रहांवरून धातू खणून आणणारी कंपनीची जहाजं कोट्यवधी कोसांवरून जे काय बोलत, ते या कानात पडे. कानाच्या पायथ्याशी एक बसकी, गारढोण इमारत होती, इमारतीत एक खोली, आणि खोलीत वेस.

'वेस' हे नाव वृंदा सोहोनीने ठेवलेलं. इंग्रजीत तिला फायरवॉल म्हणतात. पण तिथे ना आग असते ना भिंत. असतो तो नुसता दरवाजा आणि कोणाला आत घ्यायचं याचे नियम. मग घरात चांगला शब्द असताना उसना कशाला आणायचा, असं तिचं म्हणणं. वेस म्हणजे एक साधा संगणक. त्यावर युनिक्सच्या गोत्रातली मुक्तस्रोत कार्यप्रणाली, म्हणजे जिला मालक नाही, जिची ओळ न ओळ कोणीही वाचावी, हवी तशी बदलावी, आणि बिघडवलीच तर स्वतःच्या कपाळाला हात लावून बसावं. आकाशातून येणारी संदेशाची प्रत्येक पुडी आधी या वेशीत थांबे. यंत्र तिच्यावरचा पत्ता बघे, नियमांची यादी वरून खाली वाचत जाई, आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तोच खरा. त्याच्या खालचे नियम मग कितीही शहाणे असोत, त्यांना कोणी विचारत नसे. वृंदा ही वेस वर्षानुवर्षं राखत होती आणि तिला त्याची थोडी घमेंडही होती. नको ती पुडी आजवर आत गेली नव्हती, तेव्हा असायला हरकत नव्हती.

त्या दिवशी सकाळी संचालन-प्रमुख बिवलकर स्वतः चालत त्या खोलीत आले. एरवी ते माणसांना बोलावून घेत. माणूस गोड बोलण्याचा, आवाज कधी न चढवणारा. खिशात भाजलेले काजू असत, ते एकेक सोलत बोलायची सवय. कोणाला नोकरीवरून काढायचं असलं तरी आधी एक काजू पुढे करत. वृंदापुढे त्यांनी आज दोन केले.

"टिटवीकडून काही येतंय का गं?"

"पहाटेपासून हाळी येतेय सर. आपत्तीच्या दारावर."

टिटवी हे कंपनीचं सगळ्यात जुनं मालवाहू जहाज. कुठल्याशा संचालकाला पक्ष्यांची हौस होती म्हणून हे नाव. टिटवीचं ओरडणं लोक अशुभ मानतात हे त्याला कोणी सांगितलं नसावं. जहाजावर चार माणसं.

हाळी आणि ओ हे वेशीवरचे रोजचे शब्द. जहाज काही सांगण्याआधी नुसती हाळी घालतं: मी अमुक, तुमच्या अमुक दाराशी उभा आहे. हाळीत मजकूर नसतो. आतल्या यंत्राने ओ दिली की मग जहाज घडाघडा बोलायला लागतं, आपण कुठे आहोत, काय मोडलंय, माणसं कशी आहेत. ओ मिळाली नाही तर थोडं थांबून पुन्हा हाळी.

"पण आपलं आपत्ती-यंत्र ओ देत नाहीये," वृंदा म्हणाली. "मी तुम्हाला कळवणारच होते. बंद पडलंय बहुतेक."

"पडलेलं नाही. मी बंद केलंय." बिवलकरांनी काजूचं साल टेबलाच्या कडेला ठेवलं. "मला एक सांग. मला असं कळलं की यंत्र बंद असलं तरी ही तुझी वेस जहाजाला काहीतरी उत्तर देते. खरं आहे?"

"आहे ना. आतून ओ येत नाही असं दिसलं, की वेशीचा गाभा, म्हणजे तिची मूळ प्रणाली, आपण होऊन कळवतो, 'घर नाही' म्हणून. समोरचा ताटकळत राहू नये एवढ्यासाठी. आत्ताही एक-दोन उत्तरं तशी जायच्या बेतात असतील. तो सभ्यपणा आहे, सर."

"तोच नकोय. असं करता येईल का, की हाळी आली तरी वेशीने काही म्हणजे काही बोलायचं नाही?"

"येईल. त्याला आम्ही गिळणं म्हणतो. पुडी आली की गिळायची, मागे काही धाडायचं नाही. आणि नकार धाडला तर ते परतवणं. दोन्हींत पुडी आत जात नाही. फरक एवढाच, की परतवलं तर समोरच्याला समजतं, इथे कोणीतरी आहे आणि ते आपल्याला नको म्हणतंय. गिळलं तर त्याला काहीच समजत नाही. आपण मेलो, की वाट तुटली, की त्याचा आवाजच पोचत नाही, काही कळायला मार्ग नसतो."

"छान. म्हणजे मूग गिळून बसायचं."

"चोरांसाठी आहे ते, सर. घरच्या माणसांसाठी नाही."

बिवलकर हसले. मग त्यांनी तिला कायदा समजावला, आणि कायदा समजावताना त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. आंतरराष्ट्रीय बचाव-करार असं सांगतो, की जहाजाची आपत्तीची हाळी जिच्या कानावर पडली त्या कंपनीने पहिलं मोकळं जहाज तिकडे वळवायचं. कंपनीचं एकच जहाज मोकळं होतं आणि ते दुसऱ्यांच्या कामावर निघायच्या तयारीत उभं होतं. कानावर पडली हे ठरवायचं कसं? तर वेशीतून काही उत्तर गेलं का, यावरून. 'घर नाही' हेसुद्धा उत्तरच. उत्तर म्हणजे पोच. उत्तर नाही तर पोच नाही, आणि पोच नाही तर जबाबदारी नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "टिटवीच्या पत्त्यावरून येईल ते गीळ. एका ओळीचं काम आहे ना?"

"सर, चार माणसं आहेत तिच्यावर. जमीर आहे."

"माहिती आहे. म्हणून तर तुझ्याकडे आलो. दुसरा कोणी असता तर घाईघाईत काहीतरी चुकवून ठेवता." त्यांनी सावकाश हात झटकले. "तुला नको असेल तर स्पष्ट सांग. पुण्याहून मुलगा येईल, तो लिहील. फक्त मग या खोलीत तू नसशील."

वृंदा पडद्याकडे वळली. तिच्या मनात आलं ते शूरपणाचं नव्हतं. वेशीवर दुसरा कोणी बसला तर वेस त्याची होईल. आपण बसलो तर निदान हात तिथे राहील. अशी समजूत काढून माणसं पुष्कळ वाईट कामं स्वतःच्या हातांनी करतात. तिने ओळ लिहिली. वेशीवरचा दंडक असा, की नियम लिहिणाऱ्याने ओळीला आपलं नाव जोडायचं. बिवलकर म्हणाले, "माझं घाल." तिने त्यांचं घातलं. त्या घडीला तिला तेवढंच समाधान मिळालं.

ते गेल्यावर ओळीपुढचा आकडा वाढायला लागला. हा आकडा वेस आपोआप ठेवते: या नियमाने आजवर किती पुड्या गिळल्या. कामाच्या दिवशी असले आकडे हजारोंनी वाढतात आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही. हा एकेकाने वाढत होता.

जमीर शिकलगार मिरजेच्या सतारी बनवणाऱ्या घरातला. लाकूड सोडून तारांच्या मागे लागला आणि मग तारासुद्धा सोडून बिनतारी जाळ्यांच्या मागे लागला, असं त्याचे वालीद हताशपणे सांगत. टिटवीवर जायच्या आधी तो कितीतरी वर्षं याच खोलीत वृंदाच्या शेजारच्या टेबलावर बसला. जाळं कसं लावायचं ते तो तिच्याकडून शिकला आणि शिकवणाऱ्याचं डोकं कसं खायचं ते त्याला उपजतच येत होतं. जाळेवाल्यांची एक जुनी खोड आहे. हाळीत मजकूर नसतो, पण तिचा आकार ठरलेला असतो, म्हणून उरलेली जागा काहीबाही अक्षरांनी भरतात. तिला भरण म्हणतात. यंत्रं भरणाकडे बघत नाहीत आणि माणसं तर मुळीच नाही. जमीर त्या भरणात निरोप लिही. 'चहा?' 'भूक लागली.' 'साहेब येतोय, काम कर.' वृंदा पुड्या न्याहाळायचं साधन उघडून ते वाची आणि हसे.

आता तिने तेच साधन उघडलं. साधन वेशीच्या बाहेरच्या अंगाला बसतं, त्यामुळे पुडी गिळली जाण्याआधी तिची नक्कल उतरून घेता येते. टिटवीच्या प्रत्येक हाळीचं भरण एकच होतं.

'वृंदा, आम्ही झोपलोय. ओ दे की गं.'

म्हणजे चौघंही शीतनिद्रेत होते. अपघात झाला की हवा आणि अन्न वाचवायला माणसांनी झोपायचं, आणि जहाजाने एकट्याने हाळ्या घालत राहायचं, ही ठरलेली पद्धत. जमीरने झोपण्याआधी हे भरण लिहून ठेवलं असणार. त्याच्या मनात वेशीपलीकडे कंपनी नव्हतीच. वृंदा होती. तिला रडू आलं, आणि रडताना आपण हे सगळं टेबलाच्या कडेच्या त्या काजूच्या सालांसमोर करतोय, याचा भयंकर राग आला.

तिने गाडी काढली, सड्याच्या कडेला जिथे फोनला रेंज येते तिथे गेली आणि अंतराळ बचाव केंद्राला फोन लावला. पलीकडे एक मल्लापुरे नावाच्या बाई होत्या, शांत आणि कामाच्या.

"टिटवीच्या नेमून दिलेल्या मार्गावर आम्हाला काही दिसत नाहीये," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "म्हणजे ती भरकटलीये. जागा कळल्याशिवाय मी जहाज कुठे पाठवू, ताई? हाळीत जागा आहे का?"

"हाळीत जागा नसते. ओ दिल्यावर सांगतात."

"मग तुमच्या कंपनीला ओ द्यायला सांगा. किंवा टिटवीला म्हणावं, आम्हाला हाळी घाल. आम्ही लगेच ओ देतो. त्यासाठीच बसलोय."

"तिला आमच्याशिवाय दुसरी वाट नाही. कंपनीची जहाजं फक्त कंपनीशी बोलतात. ते जाळं मीच लावलंय."

मल्लापुरेबाईंनी रीतसर कंपनीत चौकशी केली. बिवलकरांनी रीतसर कळवलं, की टिटवीकडून काहीही पोचलेलं नाही. वृंदा परत येऊन खुर्चीत बसते तोवर हे सगळं उरकलं होतं.

मग ती शांत डोक्याने विचार करायला लागली. वाईट असं, की तिचा विचार बिनचूक होता.

वेस उघडून उपयोग नव्हता. आत ओ देणारं यंत्र बंद होतं आणि त्याची किल्ली बिवलकरांकडे होती. आपण होऊन जहाजाला निरोप धाडावा, तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपाला दोन किल्ल्या लागत, एक तिची, एक बिवलकरांची. किल्ली लागत नाही अशी एकच गोष्ट वेशीतून बाहेर जाऊ शकत होती. नकार. तो निरोप नसतो, हाळीला मिळालेलं उत्तर असतं. ते वेशीचा गाभा स्वतः धाडतो, कोणाला विचारत नाही. साऱ्या भाषेतला एकच शब्द तिच्या हातात उरला होता, तो 'नाही' हा.

पण 'नाही'चाही उपयोग होता. कंपनीची जहाजं कशी वागतात ते तिला पाठ होतं. उत्तरच आलं नाही तर जहाज हाळी घालतच राहतं. प्रत्येक हाळीला वीज लागते, आणि तीच वीज झोपलेल्यांना ऊब देते. चौघं माणसं आपलीच ऊब हाळ्यांत जाळून गोठली असती. नकार मिळाला तर मात्र जहाज हाळ्या थांबवतं, ऊब जपतं, आणि नुसतं ऐकत बसतं. असं ते कित्येक महिने काढू शकतं. तेवढ्या काळात कोर्ट होतं, वर्तमानपत्रं होती, मल्लापुरेबाई होत्या. कंपनीला ओ द्यायला भाग पाडता आलं असतं. शिवाय नकार म्हणजे पोच. टिटवीच्या स्मृतीत कायमचं कोरलं गेलं असतं, की कंपनीने ऐकलं होतं.

राहिला प्रश्न कोणता नकार. वेशीला तीन तऱ्हांनी नाही म्हणता येतं. 'वाट नाही', म्हणजे मध्ये कुठेतरी रस्ता तुटलाय. 'घर नाही', म्हणजे रस्ता आहे पण ज्याला हाक मारलीस तो जागेवर नाही. आणि 'मनाई आहे', म्हणजे रस्ता आहे, घर आहे, घरात माणसंही आहेत. त्यांनी तुला आत घेऊ नका असं सांगितलंय. पहिले दोन रोजच्या वापरातले. तिसरा क्वचित कोणी वापरतं, कारण आपण दार लावून घेतलंय हे सांगायला कोणाला आवडत नाही.

पहिले दोन खोटे होते. रस्ता होता. घरही होतं, त्यात काजू खात बिवलकर बसले होते. जमीर उठेल, कधी का होईना, तेव्हा त्याने जहाजाची स्मृती उघडल्यावर त्याला काय दिसावं? वाट तुटली होती, हे? कोणाचा काही दोष नव्हता, हे? वृंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. नाही. खरं काय ते दिसू दे.

बिवलकरांच्या ओळीच्या वर तिने नवी ओळ घातली: टिटवीकडून येईल ते परतवावं, मनाई आहे. वरची ओळ आधी वाचली जाते, त्यामुळे खालची आता नुसती शोभेची राहिली. नव्या ओळीला तिने स्वतःचं नाव जोडलं. नाव लिहिताना तिची मान ताठ होती.

पुढची हाळी आली. वेशीने ती परतवली. टिटवी इतकी दूर होती, की नकार तिथे पोचायला दोन घटका आणि तिचं वागणं बदललेलं इथे दिसायला आणखी दोन घटका लागणार होत्या. तोवर आधीच निघालेल्या हाळ्या येत राहिल्या आणि वेस प्रत्येकीला खरं खरं सांगत राहिली. वृंदाने आकड्यावरची नजर हलवली नाही. अखेर एक हाळी आली आणि तिच्यामागून पुढची आलीच नाही. ठरलेली वेळ टळली, तिच्या दुप्पट वेळ टळली. आकडा थांबला.

हाळ्या थांबल्या. तिने सकाळचा डबा उघडला आणि गार भाकरी अक्षरशः बकाबका खाल्ली.

दुपारच्या उन्हात कान तापून करकरायला लागला, तेव्हा बिवलकर पुन्हा आले. या वेळी नुसते डोकावले.

"काय म्हणतेय टिटवी?"

"थांबली, सर."

बिवलकरांचा चेहरा असा खुलला, की वृंदा बघतच राहिली. ते आत आले, जमीरच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि त्यांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. "चला! गेली म्हणायची दुसऱ्या वाटेने. मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर गेली. गंगेत घोडं न्हालं."

"कुठली दुसरी वाट?"

"आता तुला सांगायला हरकत नाही. सकाळी सांगितलं असतं तर तुला माहीत होतं असं झालं असतं, आणि उद्या कोणी शपथेवर विचारलं असतं तर तुला बोलावं लागलं असतं." त्यांनी खिशातून काजू काढले. "तुझा तो मित्र. जाताना जुन्या बाजारातून एक संदेश-प्रक्षेपक घेऊन गेला आणि टिटवीवर स्वतःच्या संगणकाला जोडलान. तुमची ती फुकटची कार्यप्रणाली, आणि तिच्यावर एक वाटाड्या लिहिलान, टिटवीचं सगळं बोलणं-ऐकणं त्यातूनच जाईल असा."

वाटाड्या म्हणजे काय ते वृंदाला सांगायला नको होतं. जाळ्यात दोन रस्ते असले तर कोणता धरायचा हे ठरवणारा छोटा प्रोग्राम.

"पहिली वाट कंपनीची," बिवलकर म्हणाले. "दुसरी थेट बचाव केंद्राकडे. नियमात बसत नव्हतं, पण मी काणाडोळा केला. वाटाड्या तपासून मात्र घेतला होता. पहिल्या वाटेने काही हाळ्यांना उत्तर आलं नाही, की तो दुसरी वाट धरतो. म्हटलं, बरंच आहे. कधी वेळ आली तर आपण गप्प बसायचं. टिटवी केंद्राला हाक मारील, केंद्राचं जहाज जाईल, माणसंही वाचतील आणि आपलं जहाज आपल्या कामावर जाईल. तुला काय वाटलं? मी चार माणसं मारायला निघालो होतो? मी फक्त पहिलं ऐकायला तयार नव्हतो."

वृंदाने पडद्यावरच्या आपल्या ओळीकडे पाहिलं.

"सर, मी गिळलं नाही," ती म्हणाली. "मी परतवलं."

काजू तोंडाशी नेलेला हात तसाच राहिला. "कसं परतवलं?"

"तुमच्या ओळीच्या वर ओळ घातली. त्यांची वीज वाचावी म्हणून."

"नकार कुठला दिलास?"

"मनाई."

बिवलकरांनी काजू खाली ठेवला. ते या विषयातले पंडित नव्हते, पण त्यांनी वाटाड्या तपासून घेतला होता आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली होती. "वाट तुटली तर दुसरी वाट," ते हळूच म्हणाले. "घर नसलं तर दुसरी वाट. असं होतं त्यात. दोन्ही होतं."

"हो. असणारच." वाटाड्याच्या डोक्याने तिला आता सगळं लख्ख दिसत होतं. उत्तर न येणं म्हणजे वाट मेली असण्याची शक्यता. 'वाट नाही' म्हणजे वाट नक्की मेली. 'घर नाही' म्हणजे दुसरीकडे शोधा. या सगळ्यांवर उपाय एकच, वाट बदला. पण 'मनाई आहे' म्हणजे वाट शाबूत, घर शाबूत, ऐकणारा शाबूत. जिवंत वाट कोणी बदलत नाही. हे तिनेच जमीरला शिकवलं होतं, आणि तो शिकलेलं विसरणाऱ्यांतला नव्हता.

"नुसती गप्प बसली असतीस," बिवलकर म्हणाले, "तर एव्हाना ते सुटले होते. काही न करता मी पहाटे झोपून राहिलो असतो तरी सुटले असते, तुझ्या वेशीने 'घर नाही' म्हटलं असतं. बोलायचंच होतं तर निदान खोटं बोलायचंस. वाट नाही म्हणायचंस."

"ते खोटं झालं असतं."

"हो ना."

ती वळली आणि टंकायला लागली. दोनदा चुकली. वरची ओळ बदलली: परतवावं, वाट नाही. ओळ बसली. आता टिटवीने एकच हाळी घातली असती, एकच, तर वेशीने तिला ते जीव वाचवणारं खोटं तत्काळ धाडलं असतं. पण नकार हे उत्तर आहे, आणि उत्तराला आधी कोणीतरी हाळी घालावी लागते. आपण होऊन खोटं सांगायला दोन किल्ल्या लागतात.

"किल्ली द्या, सर. आपणच तिला बोलवू. ती ऐकत असेल."

"आणि कोणी विचारलं की टिटवी संकटात आहे हे कंपनीला कसं समजलं, तर?" बिवलकर पुन्हा आपल्या नेहमीच्या मऊ आवाजात आले होते. मनातल्या मनात त्यांची मांडणी बदलून झाली होती. "आत्ता परिस्थिती काय आहे बघ. वेशीतून उत्तर गेलंय. म्हणजे पोच आहे. म्हणजे कोणीतरी हाक ऐकली आणि जाणूनबुजून नाही म्हटलं. कोणी? कंपनी तर गप्प बसली होती, माझ्या ओळीवर माझं नाव आहे. ज्या ओळीने नाही म्हटलं तिच्यावर तुझं आहे."

"मला फाशी द्या नंतर. आधी किल्ली द्या!" ती ओरडली. त्या खोलीत इतक्या वर्षांत कोणी ओरडलं नव्हतं.

"ओरडू नकोस. ती ऐकत तरी असेल का, ते आधी बघ. वाटाड्या मनाईनंतर काय करतो ते मला आठवत नाही. तिसऱ्या शक्यतेच्या फांदीवर काही होतं, माझ्या माणसाने ते वाचलंच नव्हतं. म्हणाला, ही फांदी कधी चालणारच नाही."

वृंदाने पुड्यांच्या नकला उघडल्या. सकाळपासून ती आकडा बघत होती; हाळ्या थांबल्याच्या आनंदात तिने शेवटच्या पुडीत डोकावलंच नव्हतं. सगळ्या पुड्यांचं भरण तेच होतं, ओ दे की गं, ओ दे की गं, ओळीने खालपर्यंत. फक्त सर्वांत खालची पुडी वेगळी होती. नकार मिळाल्यावर वाटाड्याने धाडलेली ती एकच.

'हितवर गाडी कधी येणारच न्हाई. वेशीवर वृंदा हाय. रीत म्हणून लिवून ठेवतोय. इति.'

प्रोग्राम लिहिणाऱ्याला सगळ्या शक्यता लिहाव्या लागतात, होणाऱ्या आणि न होणाऱ्या. जी होणारच नाही तिच्यापुढे सगळे असंच काहीतरी थट्टेने लिहितात आणि खाली एकच आज्ञा देतात, बंद हो. त्यापुढे वाटाड्या हाळी घालत नाही आणि ऐकतही नाही. तिने स्वतः अशा कितीतरी फांद्या लिहिल्या होत्या.

बिवलकरांनी तिच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं. दोनदा वाचलं. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी ती तिच्यापुढे टेबलावर ठेवली.

"घे," ते म्हणाले. "आता पाहिजे तितक्या हाका मार."